फोर्साइथ कौंटी: आपल्या सबडिव्हिजनच्या आधी इथं कोण राहत होतं?

अटलांटाच्या उत्तरेला फोर्साइथ कौंटीतल्या एखाद्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे बिल्डरने वसवलेल्या वसाहतीत, घर घेतलेली मराठी मंडळी पहिल्या सहा महिन्यांत शाळा, एचओएचे (वसाहतीच्या घरमालक संघाचे) नियम, इंडियन ग्रोसरी आणि हळदीकुंकवाचा वॉट्सअ‍ॅप ग्रुप एवढं सगळं शोधून काढतात. मग एखाद्या रात्री कोणीतरी कौंटीचं नाव गूगलमध्ये टाकतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो, "अहो, हे १९१२ चं काय आहे?" दर वर्षी तेच प्रश्न, त्याच क्रमाने. म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. इथं बरीच वर्षं राहतोय, जुन्या लोकांशी गप्पा मारायची खोड आहे, एवढंच.

फोर्साइथ नक्की कुठलं? नकाशावर तर तीन दिसतात.

तिन्ही खरी आहेत. जॉर्जियातच मेकनजवळ आय-७५ वर फोर्साइथ नावाचं शहर आहे. ते मन्रो कौंटीत येतं, आपला त्याच्याशी काही संबंध नाही. नॉर्थ कॅरोलायनात विन्स्टन-सेलमभोवती दुसरी फोर्साइथ कौंटी आहे. आपली कौंटी १८३२ साली स्थापन झाली. तिला जॉन फोर्साइथ यांचं नाव दिलं. ते आधी जॉर्जियाचे गव्हर्नर होते आणि नंतर देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. उच्चार करताना जोर 'साइथ'वर द्या. 'फोर्सिथ' म्हणालात तर समोरचा माणूस हसणार नाही, पण तुम्ही नवे आहात हे त्याला कळेल. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांनी मात्र जीपीएसमध्ये नुसतं 'फोर्साइथ, जॉर्जिया' टाकू नये. अटलांटा ओलांडून ते उलट्या दिशेला जातील.

पत्ता अल्फारेटाचा, किंवा सुवानीचा, आणि टॅक्स फोर्साइथला. हे कसं?

आपल्या कौंटीत नगरपालिका असलेलं गाव एकच, कमिंग. बाकी सगळा भाग थेट कौंटीच्या कारभारात. पोस्टाचा झिप कोड मात्र जवळच्या पोस्ट ऑफिसवरून ठरतो. म्हणून ३०००४ किंवा ३०००५ वाल्यांना वाटतं आपण अल्फारेटाकर आणि ३००२४ वाल्यांना वाटतं आपण सुवानीकर. शिर्डी साईबाबांचं मोठं मंदिर जेम्स बर्जेस रोडवर आहे. पत्ता सुवानी, जमीन फोर्साइथची. दर गुरुवारी तिथं जाणाऱ्या कित्येकांना हे माहीत नसतं.

कमिंगच्या महापौरांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोर्ड ग्रॅव्हिट हे गृहस्थ १९७० च्या सुमारास महापौर झाले आणि २०१७ च्या अखेरपर्यंत त्याच खुर्चीवर होते. सत्तेचाळीस वर्षं! आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनलाही हेवा वाटावा.

आमचं घर २०१७ सालचं. त्याआधी तिथं काय होतं? बिल्डर म्हणतो, 'नुसतं रान.'

बिल्डरला तेवढंच माहीत असतं. तुम्ही घराच्या क्लोजिंगचे, म्हणजे खरेदीच्या वेळचे, कागद काढा. मिळकतीच्या वर्णनात 'लँड लॉट अमुक, दुसरा जिल्हा, पहिला सेक्शन' अशा धर्तीची एक ओळ सापडेल. सही करताना कोणी ती वाचत नाही. मीसुद्धा वाचली नव्हती. ती ओळ १८३२ ची आहे.

त्या काळी हा सगळा मुलूख चेरोकी राष्ट्राचा होता. ते भटके नव्हते. घरं, शेतं, पिठाच्या गिरण्या, नदी ओलांडायच्या नावा, स्वतःची लिपी, स्वतःचं वर्तमानपत्र, सगळं होतं. १८२९ च्या सुमारास उत्तरेला डहलोनेगाच्या बाजूला सोनं सापडलं आणि गोऱ्या लोकांची रीघ लागली. जॉर्जिया सरकारने चेरोकींची जमीन मोजली, तिचे चौकोन पाडले आणि गोऱ्या नागरिकांसाठी सोडत काढली. सोनं असेल असं वाटलं तिथं ४० एकरांचे 'गोल्ड लॉट', बाकी ठिकाणी १६० एकरांचे लॉट. चिठ्ठी काढायची, नंबर लागला की जमीन तुमची. त्या जमिनीवर चेरोकी कुटुंब अजून राहत असलं तरी!

त्याच १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की चेरोकींच्या प्रदेशात जॉर्जियाचा कायदा चालत नाही. निकाल कागदावर राहिला. १८३८ मध्ये सैन्याने घरोघर जाऊन लोकांना बाहेर काढलं, तळांवर कोंडलं आणि पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमाकडे, चालवत नेलं. त्या वाटेवर आणि छावण्यांत अंदाजे ४,००० माणसं मेली. 'ट्रेल ऑफ टियर्स' म्हणतात ती हीच.

म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या घराच्या कागदात त्या सोडतीचा नंबर आहे. सबडिव्हिजन नवी, सातबारा जुना.

सॉनी माउंटनवर 'इंडियन सीट्स' आहे. ते आपल्यासाठी का?

नाही हो! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही गंमत वाटली होती. हे 'इंडियन' म्हणजे चेरोकी. माथ्यावर खुर्चीसारखे खडक आहेत, तिथून उत्तरेकडच्या डोंगररांगा दिसतात. डोंगराला सॉनी हे नाव एका चेरोकी माणसावरून पडलं असं सांगतात. डोंगरात सोन्यासाठी खणलेल्या बोगद्यांच्या खुणा आहेत. ऑक्टोबरच्या शेवटी पानं रंगतात तेव्हा जा. शनिवारी नको, पार्किंग मिळत नाही.

रस्त्यांची नावं इतकी विचित्र का? मॅथिस एअरपोर्ट रोडवर विमानतळ कुठे आहे?

होता. खाजगी, छोटी धावपट्टी. आता नाही. नाव राहिलं.

इथले रस्ते वाचायला शिकलात तर कौंटीचा अर्धा इतिहास ड्रायव्हिंग करताना कळतो. मॅकगिनिस फेरी रोड, म्हणजे चॅटाहूची नदीवर तिथं फेरीची नाव चालायची. नदी ओलांडायला पैसे द्यायचे, गाडी-बैलांसकट पलीकडे जायचं. केली मिल रोड गिरणीकडे जायचा. ब्राउन्स ब्रिज, कीथ ब्रिज, सेटल्स ब्रिज ही पुलांची नावं, आणि पुलांना नाव त्या काठावर राहणाऱ्या घराण्याचं. सेटल्स ब्रिजचा जुना लोखंडी सांगाडा अजून नदीवर उभा आहे, पण त्यावरून कोणी जाऊ शकत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते हायटॉवर. कोणाला वाटेल तिथं उंच मनोरा असेल. मनोरा नव्हता. चेरोकींच्या 'इटावा' या नावाचा गोऱ्या लोकांच्या तोंडात 'हायटॉवर' झाला. तोच शब्द एटोवा नदीच्या नावातही आहे. आपल्या मुंबईचं बॉम्बे झालं त्याच जातीचा प्रकार.

पूल्स मिलला नेण्यासारखं काय आहे?

लाकडी छताचा पूल, सेटेनडाउन ओढ्यावर. ९६ फूट लांब, १९०१ मध्ये बांधलेला. त्याआधी तिथं जॉर्ज वेल्च नावाच्या चेरोकी प्रमुखाची गिरणी होती. हकालपट्टीत ती त्याच्या हातून गेली आणि मालक बदलत बदलत पूल घराण्याकडे आली. गिरणी १९५९ मध्ये जळाली. पूल आहे.

पुलाच्या लाकडांकडे नीट बघा. जाळीदार फळ्यांना जिथं खुंट्या मारल्यात तिथं जास्तीची, रिकामी भोकं दिसतात. पहिल्या सुताराने, वॉफर्डने, भोकं चुकीच्या जागी पाडली. जुळेनात, तसा तो काम टाकून गेला. मग बड जेंट्री नावाच्या दुसऱ्याने नवी भोकं पाडून पूल पुरा केला. सव्वाशे वर्षं झाली, चूक तशीच दिसते. उन्हाळ्यात मुलं खालच्या खडकांवरून ओढ्यात घसरतात. टॉवेल न्या.

१९१२ साली नेमकं काय झालं?

हाच तो फोनवरचा प्रश्न. थोडक्यात सांगता येत नाही आणि सांगूही नये.

१९१० च्या जनगणनेत या कौंटीत १,०९८ कृष्णवर्णीय लोक होते, एकूण वस्तीच्या साधारण दहावा हिस्सा. बरेच जण दुसऱ्याच्या शेतावर वाट्याने राबणारे, पण स्वतःची जमीन असलेलेही होते. त्यांची चर्चेस होती, धर्मोपदेशक होते. सप्टेंबर १९१२ च्या पहिल्या आठवड्यात एका गोऱ्या बाईवर हल्ला झाल्याचा आरोप झाला. त्यानंतर काही दिवसांनी, ९ सप्टेंबरला, ऑस्करव्हिलजवळच्या जंगलात माए क्रो ही १८ वर्षांची मुलगी जबर जखमी अवस्थेत सापडली. संशयावरून काही कृष्णवर्णीय तरुणांना पकडलं. १० सप्टेंबरला कमिंगच्या तुरुंगावर जमाव चालून गेला, त्याने रॉब एडवर्ड्सला बाहेर ओढून ठार केलं आणि प्रेत चौकातल्या टेलिफोनच्या खांबाला टांगलं. खटला नाही, साक्ष नाही. माए क्रो तेव्हा अजून जिवंत होती. ती २३ तारखेला गेली.

अर्नेस्ट नॉक्स आणि ऑस्कर डॅनियल या दोन मुलांवर ऑक्टोबरच्या सुरुवातीला खटला चालला. नॉक्स १६ वर्षांचा होता. गव्हर्नरने सैन्य दिलं होतं, कारण कैद्यांना अटलांटाहून जिवंत आणायचं होतं. कमिंगला रेल्वे कधी आलीच नाही, त्यामुळे बफर्डपर्यंत आगगाडी आणि तिथून पुढे सैनिकांच्या कड्यात पायी. ज्युरी सगळी गोऱ्या पुरुषांची. निकाल लगेच. २५ ऑक्टोबरला दोघांना फाशी दिलं. कायद्याने फाशी आडोशाला द्यायची होती, म्हणून कुंपण घातलं होतं. आदल्या रात्री ते कोणीतरी जाळलं. दुसऱ्या दिवशी भोवतालच्या उतारांवर हजारो माणसं जमली, सहकुटुंब, सहलीला यावं तशी.

आणि या सगळ्याबरोबर, रात्री, घोड्यांवरून टोळ्या फिरत होत्या. दारावर गोळ्या झाडायच्या, चर्च जाळायचं, 'चोवीस तासांत निघा' म्हणून निरोप ठेवायचा. काही आठवड्यांत जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय वस्ती कौंटी सोडून गेली. शेजारच्या हॉल कौंटीत गेनझव्हिलला, काही अटलांटाला, काही त्याहून लांब. १९२० च्या जनगणनेत १,०९८ ऐवजी ३० उरले होते.

त्यांच्या जमिनींचं काय झालं?

काहींनी मिळेल त्या भावाला विकल्या. रात्री पळणाऱ्याला भाव कोण देणार? काहींना विकताही आल्या नाहीत. मग शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याने तिथं नांगर घातला, काही वर्षं टॅक्स भरला आणि पुढे जमीन त्याच्या नावावर झाली. इथल्या कायद्यात त्याला वाट होती. १९८७ मध्ये या जमिनींच्या भरपाईचा विषय निघाला, दोन्ही बाजूंची समितीही बसली, पण एकमत झालं नाही.

हे वाचून रात्री झोप लागत नाही असं एका मैत्रिणीने सांगितलं. 'आपलं घर त्यातल्याच जमिनीवर असेल का?' असेल किंवा नसेल. लँड लॉटचा नंबर घेऊन कोर्टहाऊसच्या जुन्या नोंदवह्यांत मालकांची साखळी मागे नेता येते. कंटाळवाणं काम आहे. मी अर्ध्यात सोडलं. ज्यांना जमेल त्यांनी करावं.

लेक लनिअरच्या, म्हणजे बफर्ड धरणाच्या तळ्याच्या, तळाशी कृष्णवर्णीयांचं बुडालेलं गाव आहे, हे खरं का?

रीलमध्ये सांगतात तसं नाही. ऑस्करव्हिल हे ईशान्य फोर्साइथमधलं खरं ठिकाण, आणि तिथले कृष्णवर्णीय लोक हाकलले गेले हेही खरं. पण ते १९१२ मध्ये. तळ्याचं पाणी चढायला लागलं ते १९५६ मध्ये, चव्वेचाळीस वर्षांनी. धरण आलं तेव्हा ज्यांना हाकलायचं होतं ते कधीच हाकलले गेले होते. दोन गोष्टी जोडून एक भुताची गोष्ट केली, ती फोनवर छान चालते, आणि त्यात १९१२ च्या माणसांचा दोष सगळा पाण्यावर ढकलला जातो. म्हणून मला ती आवडत नाही.

पाण्याखाली गेलं ते शेतकऱ्यांचं. बफर्ड धरणाचं काम १९५० मध्ये सुरू झालं. लष्कराच्या इंजिनिअरिंग विभागाने, ज्याला इथं सगळे नुसतं 'कोअर' म्हणतात, सुमारे ७०० कुटुंबांकडून जमिनी घेतल्या. नदीकाठची काळी, सुपीक जमीन, पिढ्यान् पिढ्या मक्याची. भाव एकराच्या हिशेबाने मिळाला आणि उरली ती डोंगरउताराची लाल माती. तिला तेव्हा कोणी विचारत नव्हतं. आता तीच 'लेकफ्रंट' म्हणून विकली जाते! ज्यांनी त्या काळात उतार विकून टाकले त्यांची नातवंडं हे सांगताना हसतात, पण पूर्ण हसत नाहीत. घरं पाडली, काही उचलून दुसरीकडे नेली, कबरी हलवल्या, जुने पूल तसेच बुडाले. तळं भरायला तीनेक वर्षं लागली.

२००७ च्या दुष्काळात पातळी डिसेंबरअखेर १,०५०.७९ फुटांपर्यंत उतरली. पूर्ण पातळी १,०७१. तेव्हा जुने रस्ते, घरांचे पाये, झाडांचे खुंट वर आले. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे दृश्य नवं नाही.

मग तळ्यात भूत नाही?

एक गोष्ट आहे, आणि ती खरी आहे. १९५८ मध्ये दोन बायका एका पुलावरून गाडीसकट पाण्यात पडल्या. एकीचं प्रेत पुढच्या वर्षी मिळालं. गाडी आणि दुसरी बाई सापडली १९९० मध्ये. मधल्या तीस वर्षांत 'निळ्या ड्रेसमधली बाई' रात्री पुलावर फिरते असं सगळे सांगायचे. आता गाडी सापडली तरी ती फिरतेच.

बुडण्याचं कारण भूत नसतं. पाणी गढूळ, तळाशी बुडवलेली झाडं उभी, काठ एकदम खोल, आणि बोटीवर बिअर. मुलांना लाइफ जॅकेट घालाच.

फोर हंड्रेड हायवे यायच्या आधी इथले लोक करत काय होते?

आधी कापूस. बोंडअळीने तो खाल्ला. चोरून दारू गाळणं हा जोडधंदा होता. शेजारची डॉसनव्हिल त्याबद्दल जास्त प्रसिद्ध, पण आपली मंडळीही मागे नव्हती. मग कोंबडी. शेजारच्या गेनझव्हिलला जेसी ज्युएल नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात युक्ती काढली: शेतकऱ्याला पिल्लं आणि खाद्य उधार द्यायचं आणि वाढलेल्या कोंबड्या परत घ्यायच्या. पैसा नसलेल्या शेतकऱ्याला हे झेपणारं होतं. बघता बघता प्रत्येक शेतात पत्र्याच्या लांबलचक शेडी उभ्या राहिल्या. गेनझव्हिल स्वतःला जगाची कोंबडी-राजधानी म्हणवतं. १९६१ मध्ये तर तिथं तळलेलं चिकन काट्याने खाणं बेकायदा ठरवणारा गमतीचा ठराव झाला! कमिंगमध्येही कोंबडीचा मोठा कारखाना आहे.

जुन्या रहिवाशांना बालपणाबद्दल विचारा, बहुतेक सगळे त्या शेडींपासून सुरुवात करतात. शाळेच्या आधी पहाटे मेलेली पिल्लं उचलायची. हिवाळ्यात हीटर विझला की घरातले सगळे उठून धावायचे. उन्हाळ्यात वास. 'तो वास म्हणजे पैशाचा वास,' असं इथं म्हणायची पद्धत. दक्षिण फोर्साइथमध्ये ज्या जागी आपण टेनिस कोर्ट आणि क्लबहाऊस म्हणून जास्तीचे पैसे भरतो, तिथल्या बऱ्याच जागा पन्नास वर्षांपूर्वी चिकन हाऊस किंवा कुरणं होत्या.

सगळं बदललं ते रस्त्याने. रेल्वे नव्हती, त्यामुळे कमिंग अटलांटापासून जवळ असून लांब होतं. १९७० नंतर फोर हंड्रेड टप्प्याटप्प्याने वर आला. १९९३ मध्ये अटलांटाच्या आत जाणारा टोलचा तुकडा सुरू झाला, पन्नास सेंट, तो टोल २०१३ मध्ये उठला. १९८० साली २७,९५८ वस्ती होती. २००० मध्ये ९८,४०७. २०२० मध्ये २,५१,२८३.

यूट्यूबवर ओप्राच्या टीव्ही कार्यक्रमाचा फोर्साइथवरचा तो जुना भाग पाहिला. तेव्हा इथं खरंच असं होतं?

होय. १९१२ नंतर पुढची पंचाहत्तर वर्षं कौंटी जवळपास पूर्ण गोरी राहिली, आणि ती आपोआप राहिली नव्हती. सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयांनी थांबू नये अशी दटावणी होती. जुने लोक पाट्यांबद्दलही सांगतात. १९८० मध्ये तळ्याकाठी ऑफिसच्या सहलीला आलेल्या अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय अग्निशमन जवानावर गोळी झाडली गेली. तो वाचला.

जानेवारी १९८७ मध्ये चक ब्लॅकबर्न या गोऱ्या रहिवाशाने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुमारास बंधुभावाची पदयात्रा काढायचं जाहीर केलं. धमक्यांचे फोन आले, त्यांनी बेत सोडला. मग दुसऱ्यांनी तो उचलला आणि अटलांटाचे होझिया विल्यम्स, किंग यांचे जुने सहकारी, बस घेऊन आले. १७ जानेवारीला त्या मूठभर माणसांवर शेकडोंच्या जमावाने दगड आणि बाटल्या फेकल्या. टीव्हीवर देशभर दिसलं. पुढच्या शनिवारी, २४ तारखेला, सुमारे २०,००० लोक आले: कोरेटा स्कॉट किंग, जॉन लुइस, अँड्र्यू यंग, जेसी जॅक्सन. बंदोबस्ताला नॅशनल गार्ड धरून दोन हजारांच्या आसपास जवान. इतका मोठा नागरी हक्कांचा मोर्चा दक्षिणेत बऱ्याच वर्षांत निघाला नव्हता. दगडफेक करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवादी संघटनेच्या गटांवर नंतर दावा लागला आणि ज्युरीने मोर्चेकऱ्यांना जवळपास दहा लाख डॉलर द्यायला लावले.

ओप्रा विन्फ्री फेब्रुवारीत आल्या. त्यांचा देशभर दिसणारा कार्यक्रम नवा होता. प्रेक्षकांत फक्त फोर्साइथचे रहिवासी घेतले, म्हणजे सगळे गोरे. बाहेर विल्यम्स यांनी त्याचा निषेध केला आणि त्यांना अटक झाली. तो भाग पाहताना लोक फक्त ओरडणाऱ्यांकडे बघतात. तुम्ही त्या बायकांकडे बघा ज्या उभ्या राहून, घाबरत, 'आम्हाला हे मान्य नाही' म्हणतात. कॅमेरा गेल्यावर त्यांना त्याच गावात, त्याच चर्चमध्ये, त्याच दुकानात जायचं होतं.

कौंटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता म्हणे?

मोर्चांचा खर्च डोईजड झाला म्हणून कौंटीने परवान्यासाठी दिवसाला हजार डॉलरपर्यंत फी लावायचा नियम केला. किंग यांच्या सुट्टीला विरोध करणाऱ्या एका वंशवादी संघटनेने त्याला आव्हान दिलं. १९९२ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नियम रद्द केला: भाषण जितकं लोकांना चिडवणारं तितकी फी जास्त, असं चालणार नाही. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अजून वाचतात. आपल्या ओळखीत एक मुलगी लॉ स्कूलला गेली, पहिल्याच वर्षी पुस्तकात स्वतःच्या कौंटीचं नाव बघून तिने घरी फोन केला.

मग आता काळजीचं कारण आहे का?

रोजच्या जगण्यात मला नाही वाटलं. २०२० च्या जनगणनेत इथले आशियाई १८ टक्क्यांच्या आसपास होते, त्यांत भारतीय सर्वाधिक. दक्षिण भागातल्या शाळांत दिवाळीच्या दिवशी वर्ग अर्धे रिकामे असतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जाणाऱ्या गाड्यांत फोर्साइथच्या गाड्या कमी नसतात. शाळेच्या सीमा, नवीन अपार्टमेंट, ट्रॅफिक यांवरून वादावादी होते, आणि 'बाहेरून आलेले' हा शब्द त्यात कधीकधी जरा टोचेल असा वापरला जातो. कृष्णवर्णीयांचं प्रमाण मात्र अजून जेमतेम चार टक्के आहे. शेजारच्या ग्विनेट कौंटीशी तुलना करून बघा. आपण इथं सहज मावलो म्हणून सगळेच सहज मावतात असं नाही.

डेन्मार्क हायस्कूलचा त्या देशाशी काय संबंध?

काहीच नाही. लीला डेन्मार्क नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. जन्म १८९८. डांग्या खोकल्याच्या लशीच्या संशोधनात त्यांचा वाटा होता. पुढे घराजवळच्याच जुन्या घरात दवाखाना चालवायच्या. अपॉइंटमेंट नाही, आधी येईल तो आधी. १०३ व्या वर्षापर्यंत मुलं तपासली. २०१२ मध्ये गेल्या तेव्हा ११४ वर्षांच्या होत्या. कौंटीतल्या पन्नाशीपुढच्या बऱ्याच लोकांना लहानपणी त्यांनी तपासलंय, आणि सगळ्यांना एकच आठवतं: आयांना मिळालेली बोलणी. मुलाला साखर देऊ नका, ज्यूस देऊ नका, पाणी द्या. आपल्या आज्यांशी त्यांचं चांगलं जमलं असतं.

मुलांना १९१२ सांगायचं का? किती वयाला?

आम्ही सहावीत सांगितलं, सॉनी माउंटन चढताना. चालताना बोललेलं मुलं जास्त ऐकतात, असा अनुभव. नंतर कमिंगच्या चौकात नेलं. तिथं जानेवारी २०२१ पासून रॉब एडवर्ड्सच्या हत्येची आणि त्यानंतरच्या हकालपट्टीची माहिती देणारा फलक आहे. मुलाने सगळं वाचलं आणि विचारलं, "त्यांच्या शाळेतल्या मुलांनी काय केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्थानिक चर्चच्या लोकांनी हाकललेल्या कुटुंबांच्या वंशजांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली आहे, ती गोष्टही सांगा.

जुन्या लोकांकडून ऐकायचं असेल तर कुठे जावं?

कमिंग-फोर्साइथचं इतिहास मंडळ आहे, लायब्ररीत स्थानिक इतिहासाचं कपाट आहे. पण खरी जागा म्हणजे ऑक्टोबरची कमिंगची जत्रा. तिथं जुनी यंत्रं चालवून दाखवतात: उसाचा रस काढून काकवी करणं, सरकी काढायचं यंत्र, लोहाराचा भाता. पाक उकळताना वास येतो तो थेट आपल्या गुऱ्हाळाचा. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला 'आमच्या गावीही असंच करतात' एवढं म्हणा आणि उभे राहा. चार जुलैला वाफेच्या इंजिनांची मिरवणूक निघते तेव्हाही तसंच.

विचारताना दोन गोष्टी सांभाळा. पहिल्याच भेटीत १९१२ काढू नका. आधी कोंबड्यांबद्दल, तळ्याबद्दल, 'सेंट्रल ही एकच हायस्कूल होती तेव्हा' याबद्दल विचारा. आणि 'सर', 'मॅम' म्हणा. इथं ते अजून चालतं. माझ्या घरामागे राहणाऱ्या आजीबाई तीन वर्षं फक्त टोमॅटोबद्दल बोलल्या. चौथ्या वर्षी, भेंडीचं बी घ्यायला आल्या तेव्हा, कुंपणाला टेकून म्हणाल्या की त्यांच्या आजोबांनी शेताच्या एका कोपऱ्यात कधी नांगर घातला नाही, तिथं एका चर्चचे दगड होते. कुठल्या चर्चचे, ते घरात कोणी विचारायचं नाही. तो कोपरा आता कुठे आहे विचारलं, तर त्यांनी आमच्या सबडिव्हिजनच्या रिटेन्शन पाँडकडे, पावसाचं पाणी साठवायच्या तळ्याकडे, बोट केलं.